मुंबईपासून सिरोंचा किती लांब? क्षेत्रफळ, रस्ता आणि पेट्रोलचा हिशेब

ऑनलाइन नकाशा उघडा आणि महाराष्ट्र नि ब्रिटन दोन्ही एकाच पडद्यावर दिसतील इतका तो लहान करा. बहुतेक सपाट नकाशांवर ब्रिटन आपल्या जवळजवळ दुप्पट दिसेल. आता आकडे पाहा. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असा अख्खा ब्रिटन मिळून साधारण २,४४,००० चौरस किलोमीटर. म्हणजे आपलं एक राज्य त्यांच्या पूर्ण देशाच्या सव्वापट आहे.

नकाशा असं उलटं का दाखवतो? पृथ्वी गोल आहे आणि पडदा सपाट. गोल पृष्ठभाग सपाट करायचा तर कुठेतरी ताणावंच लागतं. आज ऑनलाइन वापरली जाणारी नकाशाची पद्धत गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली खलाशांसाठी आखलेल्या नकाशावरून आली आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर त्याचा मार्ग कागदावर सरळ रेषेत उमटावा, ही त्याची गरज होती. ती भागली, पण त्यासाठी विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसा प्रदेश फुगवावा लागला. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. मुंबई १९ अंशांवर आहे, तिथे क्षेत्रफळ जेमतेम १२ टक्क्यांनी फुगतं. ब्रिटनच्या मधोमध ते जवळजवळ तिप्पट झालेलं असतं. ग्रीनलंड भारतापेक्षा प्रचंड मोठं वाटतं तेही याचमुळे. खरं तर ग्रीनलंड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे आणि भारत ३२.८७ लाख.

तेव्हा दोन प्रदेशांच्या आकाराची तुलना करायची तर नजरेवर भरवसा ठेवू नका, चौरस किलोमीटरचे आकडे शोधा. पण एवढ्यावर थांबलात तर पुढचा गोंधळ ठरलेला आहे. कारण “केवढा मोठा” आणि “किती लांब” हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि “तिथे जायला किती पैसे लागतात” हा तिसरा. आपण बोलताना तिन्ही एकमेकांत मिसळतो.

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. आपला एकटा अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे त्यात साडेचार गोवे मावतील. सगळ्या महाराष्ट्रात ८३. म्हणून महाराष्ट्र ओलांडायला गोव्याच्या ८३ पट वेळ लागतो का? अजिबात नाही. गोवा उत्तर-दक्षिण सुमारे १०५ किलोमीटर आहे आणि महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८००. फरक सात-आठ पटींचा. क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही गुणल्या जातात, आणि गाडी एका वेळी एकाच दिशेला चालते. शेत दोन एकरांचं चार एकर झालं म्हणून बांधावरची चक्कर दुप्पट होत नाही. शेताचा आकार तसाच राहिला तर ती साधारण १.४ पट होते. क्षेत्रफळाच्या पटीचं वर्गमूळ काढलं की अंतराची पट मिळते: ८३ चं वर्गमूळ नऊच्या थोडं वर, म्हणजे खऱ्या उत्तराच्या जवळपास.

अगदी तेच उत्तर आलं नाही, कारण आकारालाही किंमत असते. इटलीचं क्षेत्रफळ ३ लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे महाराष्ट्राएवढंच. पण इटली लांबुळकी आहे. उत्तरेच्या मिलानहून दक्षिण टोकाच्या रेज्जो कॅलाब्रियाला जायचं तर साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकावी लागते. हाच प्रदेश गोल थाळीच्या आकाराचा असता तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरच भरले असते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. पश्चिमेला चिंचोळी कोकणपट्टी आणि पूर्वेला लांबवर गेलेला विदर्भ. राजधानी मात्र पार पश्चिमेच्या कडेला, समुद्रात.

याचा परिणाम नागपूरकरांना सांगायला नको. नागपूरहून रायपूर तीनशे किलोमीटरच्या आत, भोपाळ साडेतीनशेच्या आसपास, हैदराबाद पाचशे. स्वतःच्या राज्याची राजधानी मात्र जुन्या रस्त्याने आठशेच्या पुढे. तीन परक्या राजधान्या आपल्या राजधानीपेक्षा जवळ! गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळ असलेल्या सिरोंचाचं तर विचारूच नका. मुंबईपासून ते सरळ रेषेतच साडेसातशे किलोमीटर पडतं. सिरोंचापासून सरळ रेषेत नागपूर २७० किलोमीटर आणि हैदराबाद सव्वादोनशे, म्हणजे तिथल्या माणसाला आपल्या उपराजधानीपेक्षा तेलंगणाची राजधानी जवळ आहे. “महाराष्ट्र एवढा मोठा आहे” असं आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा हा मोठेपणा कोणाच्या वाट्याला कसा येतो, तेही पाहायला हवं.

आतापर्यंत सरळ रेषेतली अंतरं झाली. गाडी रस्त्याने जाते.

रस्त्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर, याला आपण वळशाचा आकडा म्हणू. हा आकडा १ असेल तर रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ, आणि १.४ असेल तर दर शंभर किलोमीटरमागे चाळीस किलोमीटर वळशाचे. मुंबई–नागपूर सरळ रेषेत सुमारे ६९० किलोमीटर आहे आणि जुना रस्ता ८२० च्या आसपास, म्हणजे आकडा १.२. देशावरचा प्रदेश बऱ्यापैकी सपाट असल्याने हे साधतं. समृद्धी महामार्गाने तो आणखी खाली आणला. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत हा रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जोडला गेला. डोंगर आडवा आला तिथे बोगदा पाडला. इगतपुरीजवळचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे.

आता मुंबई–पणजी घ्या. सरळ रेषेत फक्त ४१० किलोमीटर, पण रस्त्याने ५९० च्या आसपास. आकडा १.४ च्या वर. नागपूरपेक्षा गोवा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर जवळ असूनही तो प्रवास सोपा वाटत नाही, त्याचं एक कारण या आकड्यात आहे. मुंबई–गोवा महामार्गाचं २०११ पासून रखडलेलं चौपदरीकरण हे दुसरं.

कोकणात हा आकडा इतका का चढतो, हे दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की लगेच कळतं. वाशिष्ठीची खाडी समोर पसरलेली. पलीकडे गुहागर तालुक्यातलं धोपावे उघड्या डोळ्यांनी दिसतं. तिथे गाडीने जायचं आणि होडीचा आधार घ्यायचा नाही असं ठरवलंत, तर दाभोळहून दापोली, खेड, चिपळूण असं आत शिरून, वाशिष्ठी ओलांडून, परत गुहागरकडे किनाऱ्यावर यावं लागतं. शंभर किलोमीटरच्या चांगलं वर, आणि तेही वळणावळणाचं. पण धक्क्यावर फेरीबोट लागते. तिची फळी खाली येते, आधी दुचाक्या चढतात, मग रिक्षा आणि गाड्या अंगाला अंग लावून उभ्या राहतात, आणि चहा घेऊन संपायच्या आत समोरचा किनारा येतो. तवसाळ–जयगड, वेसवी–बागमांडला, दिघी–आगरदांडा या फेऱ्यांचंही हेच. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला धावतात आणि किनाऱ्याला ठिकठिकाणी कापतात. म्हणून कोकणात उत्तर-दक्षिण जाणं हे पूर्व-पश्चिम जाण्याइतकंच कठीण. पूर्वेला घाट आणि दक्षिणेला खाडी.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुरू आहे. तिने अलिबागला जाणाऱ्यांचा रस्त्याचा मोठा वळसा तासाभराच्या पाण्यावर आणला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही हेच काम करतो. वळसा कापतो आणि त्याचे पैसे टोलनाक्यावर घेतो. खाडीवर पूल किंवा फेरीबोट आली की क्षेत्रफळ तसूभरही बदलत नाही, पण तिथल्या माणसांची एकमेकांपासूनची अंतरं बदलतात. माझ्या मते कोकणाच्या विकासाची सगळी चर्चा या एका मुद्द्यापासून सुरू व्हायला हवी.

(जाता जाता: खाचाखोचा मोजल्या की लांबी कशी वाढते याचं उत्तम उदाहरण म्हणजे आपला समुद्रकिनारा. भारताचा किनारा शाळेत आपण ७,५१६ किलोमीटर शिकलो. अलीकडे तो जास्त बारकाईच्या नकाशांवरून पुन्हा मोजला गेला आणि ११,०९८ किलोमीटर भरला. जमीन वाढली नाही, फक्त खाड्यांच्या आत शिरून मोजणी झाली.)

अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, “आम्ही वीकेंडला चारशे किलोमीटर सहज जाऊन येतो.” ह्यूस्टन ते डॅलस साधारण ३८५ किलोमीटर, साडेतीन-चार तास. मुंबईच्या गर्दीतून निघून नाशिकला १७० किलोमीटर जायलाही शुक्रवारी संध्याकाळी तेवढेच लागतात. टेक्सास महाराष्ट्राच्या सव्वादोन पट मोठं आहे, पण तासांत मोजलं तर ते त्या मानाने लहान ठरतं. आपल्याकडे कुणी “नाशिक किती लांब?” विचारलं की उत्तर “चार तास” असं येतं, आणि ते बरोबरच आहे. प्रवासाचा दिवस आखताना तासच कामाचे.

पण पेट्रोल तासांवर जळत नाही. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

गाडी किती अ‍ॅव्हरेज देते हे आपण विचारतो, म्हणजे एका लिटरात किती किलोमीटर. अमेरिकेत एका गॅलनला किती मैल हे विचारतात, युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर. रूपांतर करताना एक खड्डा सांभाळा: अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटनचा ४.५४६ लिटरचा. त्यामुळे “३० मैलांचं अ‍ॅव्हरेज” अमेरिकेत म्हणजे लिटरला पावणेतेरा किलोमीटर, आणि ब्रिटनमध्ये साडेदहाच्या थोडं वर.

यातली युरोपची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण खिसा लिटरने रिकामा होतो. एक उदाहरण करून पाहा. हजार किलोमीटर जायचंय. १० चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी १२ देऊ लागली तर १०० ऐवजी ८३ लिटर लागतील, १७ लिटर वाचले. २० देणारी गाडी २५ देऊ लागली तर ५० ऐवजी ४०, वाचले फक्त १०. ऐकायला पाचची वाढ मोठी वाटते, पण जास्त पैसे दोनच्या वाढीने वाचले. गावात एक जुनी जीप आणि एक नवी मोटरसायकल असेल तर आधी जीपचं इंजिन दाखवून घ्या.

अ‍ॅव्हरेज हा गाडीचा ठरलेला गुणही नव्हे. तोच चालक, तीच गाडी, पण रस्ता बदलला की ते बदलतं. घाट चढताना इंजिन नेमकं काय करतं ते मोजता येतं. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,४०० किलो समजा. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना तिला साडेपाचशे मीटरच्या आसपास वर उचलावं लागतं. एवढं वजन एवढं वर न्यायला साधारण ७५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल असतात, पण इंजिन त्यातली चौथाई वगैरेच चाकांपर्यंत पोचवतं, बाकी उष्णता होऊन जाते. म्हणजे लिटरमागे ८० लाख कामाचे. गणित सरळ आहे: बोरघाट चढण्यासाठी जवळजवळ एक लिटर पेट्रोल नुसतं उंची गाठण्यात जातं, रस्ता कापण्याचं वेगळं. उतरताना थोडं परत मिळतं, पण ब्रेक मारला की तेही गेलं.

सपाट रस्त्यावर घाटाची जागा वारा घेतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलात, वेग दीडपट झाला, विरोध सव्वादोन पट. समृद्धीवर कारसाठी मर्यादा १२० ची आहे. समजा तुमची गाडी ९० च्या वेगाने १८ देते आणि १२० ने १४. मुंबईतून निघून धरलं तर साडेसातशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास. पहिल्या वेगाने ४२ लिटर, दुसऱ्याने ५४. बारा लिटर म्हणजे साडेबाराशे रुपये, आणि त्या बदल्यात वाचलेले दोन तास. घाई असेल तर सौदा वाईट नाही, पण सौदा आहे हे माहीत असावं. टोल निराळा: २०२५ मध्ये कारला आमणे ते नागपूर एका बाजूचे चौदाशे रुपयांच्या पुढे. जुन्या रस्त्याशी तुलना करताना पेट्रोल आणि टोल दोन्ही मांडले तरच चित्र खरं दिसतं.

आता लिटरचा भाव. पुढचे सगळे भाव २०२५ मधले आणि मोघम आहेत. आकडे बदलत राहतात, त्यामागची रचना मात्र तीच राहते.

मुंबईत पेट्रोल साडेतीन रुपये वर शंभर होतं, दिल्लीत पंच्याण्णवच्या आत. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. मुंबईच्या माहूलला दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, समुद्र दारात आहे, आणि तरी पेट्रोल दिल्लीपेक्षा आठ-नऊ रुपयांनी महाग! कारण पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क देशभर सारखं, पण त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. म्हणून हैदराबादेत १०७, भोपाळला १०६, रायपूरला शंभर, अहमदाबादेत साडेचौऱ्याण्णव, गोव्यात ९६-९७. दोन राज्यांच्या भावातला फरक प्रामुख्याने कराचा असतो. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि भाव एका झटक्यात लिटरमागे अकरा रुपयांनी उतरला. तेल तेच, पंपही तेच.

राज्याच्या आत मात्र कर सारखाच असतो, आणि तिथे फरक पाडतं अंतर. भाव वाढले की बातम्यांत परभणीचं नाव पहिलं येतं. का, ते त्या तेलाच्या प्रवासात पाहा. माहूलहून मनमाडपर्यंत तेल जमिनीखालच्या पाइपलाइनने येतं. लांब पल्ल्याला तेल वाहून न्यायची ही सगळ्यात स्वस्त रीत. मनमाडजवळ पानेवाडीला ते टाक्यांत उतरतं आणि तिथून पुढे परभणीपर्यंत तीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता टँकरने. २० हजार लिटरचा टँकर भरून जातो आणि रिकामा परत येतो, म्हणजे साडेसहाशे किलोमीटर. लिटरला चार किलोमीटर धरले तर १६० लिटरच्या वर डिझेल, त्याचेच पंधरा हजार. चालक, टायर, टोल, गाडीचा हप्ता मिळवला की पंचवीस हजारांच्या घरात. लिटरमागे सव्वा रुपया. हा माझा ठोकताळा आहे, कंपनीचा दर वेगळा असू शकतो. खरी मेख पुढे आहे. व्हॅट टक्केवारीने लागतो, आणि तो वाहतूकखर्च धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे वाहतुकीच्या प्रत्येक रुपयावर परभणीकर २५ पैसे कर भरतात. लांब राहण्याचा खर्च आहेच, त्या खर्चावर करही आहे.

हे बदलता येत नाही असं मुळीच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी राज्यांच्या आतल्या वाहतुकीचे दर नव्याने बसवले, तेव्हा ओडिशातल्या मलकानगिरीसारख्या दुर्गम भागात पेट्रोल लिटरमागे चार रुपयांहून जास्त स्वस्त झालं आणि छत्तीसगडच्या सुकम्यात दोन रुपयांनी. रस्ते तेच होते. दूरच्या माणसाच्या वाट्याचा खर्च सगळ्यांनी थोडाथोडा उचलायचा, एवढंच ठरलं.

सीमेवरचे लोक यातून आपला मार्ग काढतात. बांद्याहून पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, आणि पेट्रोल आठेक रुपयांनी स्वस्त. टाकी फुल्ल करायला जायचं का? सावंतवाडीहून नाका पंधरा किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन तीस. १६ देणाऱ्या कारला त्यात जवळजवळ दोन लिटर, म्हणजे १९० रुपये जातात. ३५ लिटर भरले तर वाचतात २८०. नव्वद रुपयांचा फायदा. मोटरसायकलला ५० च्या अ‍ॅव्हरेजने ६० रुपये लागतात आणि आठ लिटरच्या टाकीत वाचतात ६४, म्हणजे वेळ वाया. कुडाळहून नुसतं पेट्रोलसाठी जाणं तर चक्क तोट्यात. सूत्र असं: टाकीत भरायचे लिटर गुणिले भावातला फरक, भागिले इकडचा भाव, गुणिले अ‍ॅव्हरेज. जे उत्तर येईल तेवढे किलोमीटर जाऊन-येऊन परवडतात. नोकरीला किंवा बाजाराला गोव्यात जायचंच असेल तर मात्र हिशेबाची गरज नाही, तिथेच भरा.

परदेशाशी तुलना करताना लोक रुपयांत भाव काढून थांबतात. २०२५ मध्ये अमेरिकेत लिटर ७०-७५ रुपयांना पडत होता आणि ब्रिटनमध्ये दीडशेच्या वर. यावरून “ब्रिटन आपल्यापेक्षा महाग” असं म्हणता येईल? तिथे एप्रिल २०२५ पासून किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं आणि पेट्रोल १.३५ पौंडांच्या आसपास. म्हणजे सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला एका तासाच्या कामात नऊ लिटर. आपल्याकडे २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. दिवसभर माती उचलली की तीन लिटर, परभणीच्या भावाने तर तीनही नाहीत. भाव मोजायचा असेल तर कामाच्या तासांत मोजा. महाराष्ट्राच्या आतही हेच माप लावून पाहावं. दरडोई उत्पन्नात मुंबई, ठाणे, पुणे वर आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम तळाला, हे वर्षानुवर्षं चाललं आहे. जिथे अंतरं जास्त, तिथेच कमाई कमी.

या सगळ्यात एक गोष्ट राज्यभर सारखी आहे, ती म्हणजे एसटीचा टप्पा. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारलं जातं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. डिझेल परभणीत महाग असो की मुंबईत स्वस्त, टप्प्याचा दर तोच. सोळा देणाऱ्या कारला किलोमीटरला साडेसहा रुपयांचं पेट्रोल लागतं. चौघं बसली तर माणशी खर्च एसटीएवढाच, एकटा माणूस असेल तर चौपट. गडचिरोली–नागपूर सुमारे १७० किलोमीटर: एकट्याने कार नेली तर अकराशे रुपयांच्या वर, साध्या एसटीने तीनशेच्या आत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, म्हणजे दीडशेच्या आत. नागपूरला दवाखान्यात जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या बाईचा जाण्यायेण्याचा खर्च तीनशेच्या आत बसतो. रोजगार हमीवरची तिची एका दिवसाची मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती.